फोटोतला रॅम्प

आमच्या साहेबांकडे एक रबरी शिक्का होता. त्यावर 'चित्र केवळ कल्पनेसाठी' असं मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत कोरलेलं होतं. इमारतीच्या माहितीपत्रकावर तो मारणं त्यांना गरजेचं वाटायचं, ते ठीक. पण साहेबांचा हात एकदा सुरू झाला की थांबत नसे. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर त्यांनी तो मारला. रजेच्या अर्जावर मारला. एकदा विजेच्या बिलावर मारून ते बिल तसंच भरायला पाठवलं. मुलीच्या साखरपुड्याच्या पत्रिकेवर मारायला निघाले, तेव्हा घरच्या बाईंनी हातातून शिक्का हिसकावून घेतला.

"काऊन? काय वाईट हाये त्याच्यात?" साहेब म्हणाले. "पोरगा तं आपन फोटोवरच पसंत केला ना?"

तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादेत बिल्डर पुष्कळ आहेत. बहुतेक जण आधी कापसात होते, कुणी खताच्या दुकानात, कुणी राजकारणात. आमचे साहेब फोटो स्टुडिओतून आले होते, आणि त्यांचं सगळं काही तिथूनच आलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. बसस्टँडसमोर त्यांचा स्टुडिओ होता. लग्नाचे अल्बम ही त्यांची खासियत. वांकिडीकडच्या खेड्यातली नवरानवरी, जी चंद्रपूरच्या पुढे कधी गेली नव्हती, त्यांना साहेब संगणकावर बर्फाच्या डोंगरात उभं करायचे. नवरीचे हळदीचे पाय बर्फात, अनवाणी. एका नवरदेवाला त्यांनी ताजमहालापुढे उभं केलं. मूळ फोटोत शेजारी त्याचा काका होता. काकाला त्यांनी कापून काढलं, पण नवरदेवाच्या खांद्यावरचा काकाचा हात तसाच राहिला. घरचे भांडायला आले, तर साहेब शांतपणे म्हणाले, "आशीर्वाद हाये तो." आणि घरचे तो अल्बम घेऊन गेले.

पुढे हैदराबादेत एका प्रदर्शनात त्यांनी पडद्यावर एक इमारत पाहिली. पायाही खणलेला नव्हता, पण पडद्यावर खिडक्यांत दिवे लागले होते आणि लोक रांगेत उभं राहून फ्लॅट नोंदवत होते. साहेबांनी ते मला अनेकदा सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे पाणावायचे. "लग्न लागाच्या आंधी अल्बम तयार," ते म्हणायचे. "मी म्हनलं, हा तं आपलाच धंदा हाये."

मी तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करून आणि नागपूरला आठ महिने थ्रीडी मॉडेल बनवायला शिकून घरी बसले होते. साहेबांनी मला ठेवून घेतलं आणि पहिल्या दिवसापासून 'इंजिनेरबाई' म्हणायला सुरुवात केली. कामगारांवर, ठेकेदारावर, वाळूच्या ट्रकवाल्यावर ते ओरडायचे, माझ्यावर कधी नाही. कारण इमारत बांधणारे ते लोक नव्हते. साहेबांच्या मते इमारत मी बांधत होते, संगणकावर. बाहेर जे चाललं होतं ती नुसती नक्कल होती, आणि नक्कल कधी मुळाइतकी चांगली येत नाही, अशी त्यांची तक्रार असे.

त्यांचं एक पांढरं हेल्मेट खिळ्याला टांगलेलं असायचं. साइटवर जाताना ते कधीच घालत नसत. वर गवंडी विटा झेलतायत, लोखंड लोंबतंय, आणि खाली साहेब उघड्या डोक्याने फुटाणे खात उभे. फोटो काढायचा म्हटलं की मात्र हेल्मेट डोक्यावर. मी एकदा त्यांना सुरक्षेचा नियम सांगितला. ते म्हणाले, "साइटवर डोकं गरम होते, इंजिनेरबाई. अन् वीट फोटोत थोडीच पडनार हाये?"

त्या इमारतीचं नाव हंससरोवर. तळमजला आणि वर चार मजले. रेल्वे फाटकापासून जवळ, एका बाजूला कापसाच्या जिनिंग कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला म्हशींचा गोठा. सरोवर कुठेच नव्हतं, म्हणून साहेबांनी ते मला गच्चीवर काढायला लावलं. ते माझ्या मागे ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीत बसायचे, फुटाण्यांची पुडी मांडीवर, आणि एकेक हुकूम सोडायचे.

"आभाळ निळं कर. अजून कर. हे आपल्या आदिलाबादचं आभाळ झालं, बाहेरचं आन. गोठा काढून टाक. जिनिंग काढून टाक. तिथं समुंदर नको, लोकं हसतीन. झाडं लाव. आता गच्चीवर पानी टाक."

आमच्या भागात नळ एक दिवसाआड येतो. मी म्हटलं, "साहेब, गच्चीवर पोहायचा तलाव? पाणी कुठून आणणार?"

"मॉडेलमंधी पान्याची काय कमी हाये?"

मग त्या गच्चीवरच्या तलावात एक हंस आला. त्याच्या पोटाखाली, हंसाच्या नखापेक्षाही बारीक अक्षरात, रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. जाहिरातीत तो छापावाच लागतो, हा कायदा साहेबांना माहीत होता. तो वाचता आला पाहिजे, असं कुठे लिहिलंय, असा त्यांचा प्रश्न होता.

चित्रात टाकायला माणसं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तयारच मिळतात. सगळी गोरी, सगळी घाई नसलेली. त्यांत बाबागाडी ढकलणारी एक बाई होती. साहेबांचा तिच्यावर फार जीव. तिला ते 'आपल्या वहिनी' म्हणायचे. मी कधी तिला बाजूला सरकवलं, तर लगेच विचारायचे, "वहिनी कुठं गेल्या?" वहिनी नेहमी इमारतीच्या दाराशी हव्या असायच्या. आणि दाराशी पाच पायऱ्या होत्या. बाबागाडी पायऱ्या कशी चढणार, हा प्रश्न साहेबांना स्वतःहून पडला, याचं मला आजही नवल वाटतं. ते म्हणाले, "तो नियमाचा रॅम्प हाये ना आपल्याजवळ? तो समोर आन. वहिनीले त्याच्यावर चढव."

तो नियमाचा रॅम्प खरोखरच नियमाचा होता. हल्ली बांधकामाची परवानगी संगणक तपासतो. नकाशातल्या एकेका गोष्टीला आपापला थर द्यावा लागतो: भिंतीचा वेगळा, जिन्याचा वेगळा, रॅम्पचा वेगळा. रॅम्पचा थर नसेल किंवा उतार चुकला असेल, तर संगणक नकाशा परत पाठवतो. साहेबांना त्या संगणकाचा मनस्वी राग होता. "मानसाले समजावता येते. चहा पाजता येते. याले काय पाजाव?" म्हणायचे. शेवटी मी एकास बारा उताराचा, मध्ये थांबायला सपाट जागा असलेला, रीतसर रॅम्प काढला आणि नकाशा मंजूर झाला. मग तोच रॅम्प, वहिनींसकट, बोगनवेलीच्या कुंड्या लावून, माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आला.

ते पान पाहून सर आणि काकू आले.

सर म्हणजे माझेच सर. वांकिडीजवळच्या आमच्या मराठी शाळेत त्यांनी मला पाचवी ते सातवी गणित शिकवलं. आता निवृत्त होऊन आदिलाबादला भाड्याच्या घरात राहत होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आधी अंगणवाडीत होत्या. मणक्याच्या दुखण्याने त्यांचं कमरेखालचं अंग गेलं. हात मात्र दणकट, व्हीलचेअर स्वतः ढकलायच्या. पण त्या भाड्याच्या घराला तीन पायऱ्या होत्या आणि त्या तीन पायऱ्यांनी काकूंना सहा वर्षं घरात बसवलं होतं. बाहेर जायचं तर शेजारची दोन माणसं बोलवायची, खुर्चीसकट उचलायला. म्हणून काकू फक्त दवाखान्यात आणि जयंतीला विहारात जायच्या. भाजी घ्यायला जावं, दारात जाऊन नुसतं बसावं, एवढ्यासाठी माणसं कोण बोलावणार?

त्या दिवशीही साइटच्या ऑफिसात त्यांना उचलून आणावं लागलं. साहेब पुढे धावले तर काकू म्हणाल्या, "जरा हळू ठेवा. मी काई सामान नोहो."

मग त्यांनी माहितीपत्रक मांडीवर घेतलं. गच्चीवरचा तलाव पाहिला नाही, हंस पाहिला नाही. रॅम्पवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा हाये का?"

साहेब म्हणाले, "काकू, फोटोत हाये म्हंजे हाये."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. गिऱ्हाईक काहीही विचारो, वाहनतळ, बाग, लिफ्ट, तेच वाक्य. पण सर गणिताचे. ते माझ्याकडे वळले.

"पोरी, तू काढला हा?"

"हो सर."

"उतार किती?"

"एकास बारा."

"चढाव किती हाये?"

"अडीच फूट."

"मंग तीस फूट पाहिजे."

"तीसच काढलाय, सर."

फळ्यावर गणित बरोबर सोडवल्यावर ते मान हलवायचे, तशी हलवली. मग म्हणाले, "होनार ना खरंच?"

मी म्हटलं, "होईल, सर."

साहेबांच्या वाक्यावर नाही, माझ्या त्या दोन शब्दांवर त्यांनी फ्लॅट घेतला. गावाकडचं घर विकून घेतला. मला ते तेव्हाही कळत होतं. रॅम्पच्या जागेवर साहेबांनी आदल्याच आठवड्यात खडूने स्वतःच्या केबिनची आखणी करून घेतली होती, आणि ती आखणी मी पाहिली होती. मी स्वतःला समजावलं की केबिन तात्पुरती असेल. मला नोकरी हवी होती, हे खरं कारण. ते आज लिहितानाही बरं वाटत नाही.

केबिन तात्पुरती नव्हती. तिला काच हैदराबादहून आली, एसी आला, आणि मधोमध टेबलावर, लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेल्या निर्मल गावच्या कारागिराने बनवलेलं हंससरोवरचं लाकडी मॉडेल आलं. कारागीर म्हातारा आणि प्रामाणिक. त्याने माझ्या नकाशावरून सगळं बनवलं, रॅम्पसुद्धा, करंगळीएवढा. मी साहेबांना विचारलं, "साहेब, रॅम्पचं काय?" त्यांनी लाकडी मॉडेलकडे बोट दाखवलं. "हा काय, हाये ना."

इमारत पूर्ण झाल्याच्या दाखल्यासाठी जागेवरचे फोटो चढवावे लागतात. साहेबांनी त्याच कारागिराला पुन्हा बोलावलं आणि पायऱ्यांवर टाकायला फळ्यांचा एक उतार बनवून घेतला. तीस फूट नाही, आठ फूट, कारण टेम्पोत तेवढाच मावत होता. त्यावर सिमेंटचा रंग. तो कारागीर ब्रश धुता धुता मला म्हणाला की आयुष्यभर लाकडाचे आंबे केले, मोर केले, लोक हात लावून बघायचे. लाकडाचं सिमेंट पहिल्यांदाच करतोय. त्याला त्याचं वाईट वाटत होतं, पण रंग इतका हुबेहूब दिला होता की दुपारी त्यावर एक कुत्रा गारवा शोधत येऊन बसला.

साहेबांनी हेल्मेट घालून त्या फळीशेजारी उभं राहून फोटो काढवून घेतला. कुठून काढायचा ते त्यांनीच सांगितलं. तीस वर्षांचा हात होता. फोटोत फळी चांगली लांब दिसत होती. फोटो झाल्यावर फळी टेम्पोत चढली. पुढे ती आणखी दोन बिल्डरांनी उसनी नेली. साहेब हौसेने द्यायचे, परत आली की रंग कुठे उडाला का ते बघायचे.

राहायला आले त्या दिवशी काकू ऑटोतून उतरल्या आणि समोर पाच पायऱ्या दिसल्या. मी केबिनच्या काचेतून बघत होते. सरांनी पायऱ्या पाहिल्या, केबिन पाहिली, मग मला पाहिलं. मग ते सामान उतरवायला वळले. सामान चढवणाऱ्या हमालांनीच काकूंना उचललं, आधी कपाट, मग काकू, मग गाद्या.

साहेब लगबगीने बाहेर आले. "काकू, फोटोवर शिक्का हाये पाहा. केवळ कल्पनेसाठी."

काकू म्हणाल्या, "शिक्का मी वाचला व्हता. मले वाटलं तो हंसासाठी हाये."

पुढे सरांनी रेराकडे तक्रार केली. दोन पानं, फळ्यावरच्या वळणदार अक्षरात, खाली हिशेब करून दाखवलेला: चढाव, उतार, लांबी, आणि शेवटी 'प्रत्यक्षात: शून्य'. सुनावणी व्हिडिओवर ठेवली गेली. साहेब मुळीच घाबरले नाहीत. कॅमेरा म्हटल्यावर ते उलट खुलले. पांढरा शर्ट, डोक्यावर हेल्मेट, आणि मागचा पडदा त्यांनी स्वतः निवडला. जुनी हौस. आमच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान त्यांनी आपल्या पाठीमागे लावलं: हंससरोवरचं दार, बोगनवेल, रॅम्प, रॅम्पवर वहिनी. ते जरा हलले की त्यांचा एक कान त्या निळ्या आभाळात विरघळायचा.

पडद्यावर तीन चौकटी होत्या. एकीत हैदराबादच्या अधिकारी मॅडम, हिंदीत बोलणाऱ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. दुसरीत साहेब. तिसरीत सर आणि काकू, पायऱ्यांखाली, सरांच्या हातातल्या फोनवर. मी केबिनमध्येच, कॅमेऱ्याच्या बाहेर बसले होते.

मॅडमनी तक्रार वाचली आणि विचारलं, रॅम्प का नाही?

"मॅडम, रॅम्प तो है," साहेब म्हणाले. "पीछे देखिए." आणि नीट दिसावं म्हणून बाजूला सरकले.

मॅडमनी चष्मा वर केला. "ये बच्चागाड़ी वाली लेडी कौन है?"

"भाभी है, मॅडम."

"किसकी?"

साहेब पहिल्यांदा अडखळले. "बिल्डिंग की," ते म्हणाले.

मॅडम अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ठीक है. आप उठिए, और उस रॅम्प पर चलकर दिखाइए."

आणि साहेब उठले. मी हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. माणूस खोटा असता तर बसून राहिला असता. साहेब खोटे नव्हते, ते त्याहून अवघड प्रकारचे होते. ते उठले, शर्ट खाली ओढला, आणि डावीकडे दोन पावलं टाकली. पडद्यावर रॅम्प राहिला, वहिनी राहिल्या, बोगनवेल राहिली. साहेब गेले. चौकटीच्या कडेला फक्त हेल्मेटचं टोक दिसत होतं.

तिकडे मॅडमनी सरांना फोन फिरवायला सांगितला. तिसऱ्या चौकटीत पाच पायऱ्या आल्या आणि काकूंचा आवाज आला, अंगणवाडीत मुलांना शिकवायचा तो: "एक. दोन. तीन. चार. पाच."

साहेब परत येऊन बसले आणि शिक्क्याचं बोलू लागले, चित्र कल्पनेचं असतं वगैरे. मॅडमनी त्यांना थांबवून विचारलं, मंजूर नकाशात काय आहे, नकाशा कुणी काढला?

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत धमकी नव्हती. उलट भरवसा होता, आता इंजिनेरबाई एक क्लिक करील आणि सगळं नीट होईल असा. मी उठून कॅमेऱ्यापुढे गेले. त्या बोगनवेलीत माझंही अर्धं डोकं विरघळलं असणार.

"मैंने बनाया," मी म्हटलं. "नक़्शे में तीस फ़ुट का रॅम्प है. ज़मीन पर नहीं है. उसकी जगह ये केबिन है, जिसमें हम बैठे हैं."

एवढं बोलायला मला दीड वर्ष लागलं होतं. तिसऱ्या चौकटीत सरांनी मान हलवली की नाही ते मला दिसलं नाही. माझा चष्मा ओला झाला होता.

आदेश आला: मंजूर नकाशाप्रमाणे रॅम्प बांधून द्या, मुदत दिलेली. म्हणजे केबिन पाडणं आलं. मला वाटलं साहेब मला काढून टाकतील. ते आले, माझ्यामागे बसले, पुडी उघडली, पण फुटाणा तोंडात टाकला नाही.

"मॉडेलमंधून केबिन काढ," ते म्हणाले. मी काढली. ते कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. गोठा काढताना, जिनिंग काढताना, नवरदेवाचा काका काढताना त्यांना कधी काही झालं नव्हतं. स्वतःची केबिन काढल्यावर ते म्हणाले, "बरं नाई वाटत." मग हळूच, "वापस आन. अन् रॅम्प केबिनमंधून ने."

मला ती थट्टा वाटली. पण मी काढून पाहिलं आणि ते जमलं. रॅम्प बाहेरून सुरू होतो, केबिनची एक काच फोडून आत येतो, भिंतीकडेने चढत साहेबांच्या टेबलाजवळून जातो आणि दुसऱ्या बाजूने लिफ्टपाशी निघतो. नियमाप्रमाणे मध्ये जी सपाट जागा सोडावी लागते, थांबून दम खायला, ती नेमकी साहेबांच्या खुर्चीशेजारी आली. सुधारित नकाशा त्या परवानगीच्या संगणकाने पहिल्या खेपेला मंजूर केला. केबिनमध्ये कोण बसतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. साहेब पहिल्यांदाच त्याच्याबद्दल चांगलं बोलले. रॅम्प झाला, खऱ्या सिमेंटचा, आणि मी नोकरी सोडली.

गेल्या महिन्यात अनुभवाचा दाखला घ्यायला मी पुन्हा तिथे गेले. आता मी निर्मलला एका इंजिनिअरकडे नकाशे काढते, चित्रं नाही. साहेब टेबलापाशी होते. दाखला त्यांनी सही करून तयार ठेवला होता आणि सवयीने शिक्काही हातात घेतला होता. इतक्यात त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. शिक्का खाली ठेवून त्यांनी खुर्ची मागे ओढली, पाय आत घेतले, चहाचा कप सरकवला.

लिफ्टकडचं दार उघडलं आणि काकू आत आल्या. एकट्या. मांडीवर भाजीची पिशवी, हात चाकांवर. रॅम्प तिथे दीड फूट उंच आहे, त्यामुळे काकू साहेबांकडे वरून बघतात आणि साहेबांना मान वर करावी लागते. सपाट जागेवर काकूंनी ब्रेक लावला. मला पाहून म्हणाल्या, "आली का तू? पाह्य, हा झाला बाप्पा." एवढंच. मी नुसती मान हलवली.

मग त्यांनी पिशवीतून माहितीपत्रक काढलं. घड्या पडून मऊ झालं होतं. त्यांनी दुसरं पान उघडलं. साहेबांनी डोळे मिटले, यावरून मला कळलं की हे रोजचं आहे.

"साहेब, काल हंसाचं झालं. आज हे झाड पाहू. हे पिवळ्या फुलाचं, गेटापाशी. हे हाये का?"

"फोटोत हाये," साहेब म्हणाले.

काकू थांबून राहिल्या. त्यांना भाजीला उशीर होत होता, पण त्या थांबल्या. भिंतीवरचा एसी गुरगुरत होता.

"फोटोत हाये," साहेब पुन्हा म्हणाले, आणि मग बऱ्याच वेळाने, खाली टेबलाकडे बघत, "पन इथं नाई हाये."

मी त्यांच्याकडे साडेतीन वर्षं काम केलं. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"बरं," काकू म्हणाल्या. "एवढंच पाहिजे व्हतं." त्यांनी ब्रेक सोडला आणि उताराने खाली गेल्या, रस्त्याकडे, हात चाकांवर नुसते टेकवून. काचेतून त्या फाटकाकडे वळताना दिसल्या.

साहेब कितीतरी वेळ बघत होते. मग माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "इंजिनेरबाई, एक काम करता का? नव्या बिल्डिंगच्या फोटोतून वहिनीले काढाचं अन् काकूले टाकाचं. लोकायले खरं वाटन."

माझा दाखला मी आधी पर्समध्ये ठेवला. मग म्हटलं, "त्यांना विचारावं लागेल, साहेब. भाजी घेऊन त्या दहाला परत येतील. इथूनच जातील."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, रॅम्पकडे पाहिलं. मग उठून खिळ्यावरचं हेल्मेट काढलं आणि डोक्यावर घालून बसले. तिथे फोटो काढणारं कुणीच नव्हतं.